सोबतीची चांदणी

बटणांच्या ओळीत आकड्याच्या जागी चांदणी दिसली तेव्हा माझ्या हातातला चहा अजून पिण्याजोगा झाला नव्हता. मी कप खाली ठेवला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. चांदणी तिथेच होती. शेजारी उघडलेल्या गेल्या वर्षीच्या तक्त्यात त्या चौकोनात साधासुधा आकडा होता, त्याच्या आदल्या वर्षीही होता. बाहेरून आलेली बटणं शेजारच्या रकान्यात जागच्या जागी होती, बाहेर गेलेली त्याच्या पलीकडे. देशात बनलेल्या बटणांच्या घरात तेवढी ही खूण, बारीक, काटेरी, कागदावर चिलट चिरडल्यासारखी. ऑफिसच्या खोलीत दुसऱ्या कुणाला काही झालं नव्हतं. लोखंडाचे आकडे बघणारे लोखंडवाले नेहमीप्रमाणे फोनवर कुणाला तरी समजावत होते, माशांचे बघणारी मासेवाली खिडकीचा अडकलेला खिट्टा पट्टीनं उघडायचा प्रयत्न करत होती. मी मात्र ती ओळ बोटानं धरून पुन्हा डावीकडून उजवीकडे वाचली.

मी सरकारच्या व्यापार खात्यात विश्लेषक आहे. देशात काय येतं, देशाबाहेर काय जातं, आणि जे येतं त्यामुळे इथे तेच बनवणाऱ्यांचं काय होतं, हे आकड्यांवरून सांगायचं. सासूबाई शेजारीपाजारी सांगतात, "आमची सून परदेशाशी व्यवहार करते." परदेश मी पाहिलेला नाही, बंदरही शाळेच्या सहलीत पाहिलं तेवढंच. पण कुठल्या देशातून आपल्याकडे किती आरसे येतात ते झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. जगातल्या सगळ्या वस्तूंची प्रकरणं पाडलेली आहेत आणि आमच्या खोलीत ज्याच्या वाट्याला जे प्रकरण तेच त्याचं नाव. मी काचवाली. बटणं शेवटाकडच्या एका प्रकरणात येतात, कुठेच न बसणाऱ्या वस्तूंच्या घोळक्यात, झाडू, कंगवे, पेनं, चाळण्या, थर्मास. ते प्रकरण माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे असतं. त्यांना आम्ही किडूकमिडूकवाल्या बाई म्हणतो आणि त्याही फोन उचलून "किडूकमिडूक बोलतेय" असं म्हणतात.

चांदणीचा नियम सोपा आहे. एखादी वस्तू बनवणारे कारखाने तीनपेक्षा कमी उरले की त्यांचा आकडा छापायचा नाही. दोघंच असतील तर प्रत्येक जण छापलेल्या आकड्यातून आपला वजा करतो आणि दुसऱ्याचं सगळं पोट उघडं पडतं. तिघं असले की वजाबाकी करूनही कळत नाही, उरलेलं दोघांतल्या कुणाचं. गुपित राहायला निदान तीन माणसं लागतात. हे मी नवीन आलेल्यांना शिकवते तेव्हा ती हसतात, कारण त्यांना वाटतं मी विनोद करतेय.

देशात बटणांचे कारखाने तीनच उरले होते. हे मला सरकारी कागदावरून कळलेलं नाही. त्यातल्या एकात माझा नवरा रंग जुळवतो.

रंग जुळवतो म्हणजे कापडाचा तुकडा घेऊन खिडकीपाशी उभा राहतो आणि त्या रंगाचं बटण करायला कशात काय किती मिसळायचं ते सांगतो. पांढऱ्या रंगाचे इतके प्रकार असतात हे मला त्याच्यामुळे कळलं. आमची ओळखही त्यातूनच. बाहेरच्या बटणांवर जकात लावावी की नाही यावर आमच्या खात्यात सुनावणी होती, कारखान्यानं आपली माणसं पाठवली होती, आणि मी कोपऱ्यात बसून टिपणं घेणारी नवी मुलगी. वकील तासभर बोलत होते. हा पुठ्ठ्यावर शिवलेली बटणं मांडून गप्प बसला होता. चहाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तुमच्या उजव्या बाहीचं बटण इतरांतलं नाही." मी म्हटलं, "पांढरंच तर आहे." तो म्हणाला, "ते मोत्याकडे झुकणारं आहे, बाकीची दुधाकडे." पुढच्या सुनावणीला त्यानं खिशातून दुधाकडे झुकणारं एक बटण काढून टेबलावर ठेवलं. कारखान्याला जकात मिळाली नाही, मला नवरा मिळाला. लग्न ठरल्यावर मी साहेबांना लेखी कळवलं की माझा नवरा बटणांत आहे, आणि त्या दिवसापासून ते प्रकरण माझ्या टेबलावर आलं नाही. इतक्या वर्षांत मी त्या ओळीकडे पाहिलंही नाही. शेजारच्या घरातलं भांडण ऐकू येत असूनही आपण ऐकत नाही, तसं.

पण किडूकमिडूकवाल्या बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. सकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब भला माणूस, फक्त अवघड काही सांगायचं असलं की टेबलावरच्या वस्तू सरळ रेषेत लावत बसतो. "तुम्हाला हे प्रकरण द्यायला नको, हे मला माहीत आहे," ते पेपरवेट सरकवत म्हणाले. "पण बाकी सगळे नाकापर्यंत बुडालेत आणि तक्ते उद्या दुपारी जायचेत. बाईंनी आकडे भरलेत. चांदण्या तेवढ्या पुऱ्या करायच्या. कारखान्यांच्या नावांची यादी तुम्हाला उघडायला लागणार नाही."

"उघडता मात्र येईल."

"येईल," ते म्हणाले आणि टाचणीची डबी पेपरवेटच्या शेजारी आणून ठेवली. "म्हणून तर तुम्हाला देतोय. दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर यादीला कुलूपही लावायला लागलं असतं."

कौतुक होतं की दटावणी, हे मी जिना उतरेपर्यंत ठरवत होते. आणि मग चहा घेऊन बसले, आणि चांदणी.

तिनांतला एक कारखाना बंद पडला होता, एवढंच ती सांगत होती. कुठला ते सांगत नव्हती. सांगू नये म्हणूनच तर तिला तिथे बसवलेलं. पण मी समोर संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिले आणि घरातल्या एकेक गोष्टी आपणहून उठून पुढे यायला लागल्या. त्याची नखं. बटणांना चकाकी आणतात तिथे पिठासारखी पांढरी धूळ उडते आणि ती कितीही धुतलं तरी नखांच्या कडांना राहते. लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे. हल्ली त्याची नखं स्वच्छ होती. मला दिसली होती, मी मनात म्हटलंही होतं, चला, या वयात का होईना टापटीप आली. डबा घासूनपुसून परत येत होता. पूर्वी डब्याला आतून वास यायचा, झाकण तिरकं लागलेलं असायचं. आणि जेवताना त्याला जगातलं फारच माहीत असायला लागलं होतं. कुठल्या तरी देशातल्या पोटनिवडणुकीचा निकाल, कुठल्या खाणीतला संप, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर तळाशी असतं ते. जो माणूस वर्तमानपत्र टेबलावर रंग सांडू नये म्हणून वापरायचा, तो आता ते वाचत होता, सावकाश, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. कुठे बसून वाचत असेल? बाक असेल का? पंखा असेल का? नावांच्या यादीचं पान त्याच पडद्याच्या खालच्या कडेला होतं. बोट एकदा ठेवलं की झालं. मी हात मांडीवर घेतला. मांडीवरही त्याला चैन पडेना, तेव्हा मी दोन्ही हात कपाभोवती धरले. चहा गार झाला होता.

मला भीती कारखाना गेल्याची नव्हती. कारखाने जाताना मी रोज बघते. ते काचेचेही जातात. भीती ही की ते मला यादीतून कळेल. एकदा यादीतून कळलं की मग तो ज्या दिवशी सांगेल त्या दिवशी मला आश्चर्याचा चेहरा करायला लागेल, आणि रंग जुळवणाऱ्या माणसापुढे चेहरा करणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. त्याला लगेच कळेल, हा इतरांतला नाही.

शिवाय माझं खरं काम अजून व्हायचंच होतं. बाईंनी चिठ्ठी ठेवली होती: सोबतीण तू निवड. नुसती बटणं झाकून भागत नाही. प्रकरणाची एकूण बेरीज खाली छापलेली असते. एकच घर झाकलं तर बाकीच्या ओळी बेरजेतून वजा केल्या की झाकलेलं आपोआप बाहेर येतं. म्हणून आणखी एक ओळ झाकायची, जिला लपवण्यासारखं काहीही नाही अशी. तिलाही चांदणी. मग वजाबाकी करणाऱ्याच्या हाती दोन्ही मिळून एक गोळा येतो आणि तो कुणाचा किती ते कळत नाही. नियमात तिला लांबलचक नाव आहे, खोलीत आम्ही तिला सोबतीण म्हणतो. सोबतीण कुणालाच व्हायचं नसतं. एका वर्षी बाईंनी कंगव्यांना केलं तर कंगवेवाल्यांच्या संघटनेचे गृहस्थ फोनवर तावातावानं विचारत होते, "आमचं काय बुडालंय का म्हणून आमचा आकडा झाकलात?" बाई म्हणाल्या होत्या, "काही बुडालेलं नाही, म्हणूनच तर." त्यांना ते पटलं नाही. पटण्यासारखं नाहीच.

मी झाडूंवरून ब्रशांकडे, ब्रशांवरून चाळण्यांकडे गेले आणि मला ताई आठवली. ताई सासरहून कायमची परत आली ते वर्ष. आई तिच्याबद्दल कुणाला काही सांगत नसे, ते समजण्यासारखं होतं. पण त्याच वर्षी मी शाळेत पहिली आले आणि आईनं तेही कुणाला सांगितलं नाही. जिन्यात कुणी विचारलं, "काय म्हणतात मुली?" तर आई म्हणायची, "मुली बऱ्या आहेत," आणि पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची. मी दारामागे उभी राहून वाट पाहायची, आता सांगेल, आता. ते प्रशस्तिपत्र कपाटातल्या चादरींच्या घडीत गेलं. कितीतरी वर्षं मला वाटत होतं की आईला माझं काही वाटलंच नाही. धाकटीचं भरभरून सांगितलं असतं तर थोरलीबद्दलची चुप्पी जिन्याच्या तळापर्यंत ऐकू गेली असती, हे मला चांदणीचा नियम पाठ केल्यावर कळलं, या खुर्चीवर, आई गेल्यानंतर. ताईला हे मी कधी सांगितलं नाही. सोबतिणीनं सांगायचं नसतं.

संध्याकाळपर्यंत मी सोबतीण निवडली नाही. उद्या दुपारपर्यंत वेळ होता. निघताना सवयीनं रद्दीच्या खोक्यातून गेल्या वर्षीच्या काचेच्या तक्त्यांचे पाठकोरे कागद उचलले, पिशवीत घातले. ते सासूबाईंसाठी. सासूबाईंनी आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले. आता नजर अंधूक झाली आहे, पण बोटं निवृत्त व्हायला तयार नाहीत. मुलगी शिकायला दूर गेल्यापासून घरात आम्ही तिघंच, आणि दिवसभर त्या एकट्या. नवरा कारखान्यातली नापास बटणं खिशातून आणायचा, कडा तुटलेली, भोकं वाकडी पडलेली. सासूबाई ती खिडकीपाशी बसून बोटांनी चाचपून निवडायच्या, दोन भोकांची, चार भोकांची, मागे कडी असलेली, आणि माझ्या पाठकोऱ्या कागदांच्या पुड्या करून त्यात बांधायच्या. आमच्या घरात कपाटाचा एक खण भरून देशाची काचेची आयात बटणांना गुंडाळलेली आहे. त्या पुड्यांचं काय करायचं हे कुणी विचारत नाही.

घरी आले तेव्हा खिडकीत अजून उजेड होता. सासूबाईंच्या पुढ्यात बटणांचा लहानसा ढीग होता, तोच तो, निवडून झालेला, पुन्हा मोडून पुन्हा निवडायला घेतलेला. मी पिशवी खुर्चीवर ठेवली. थोड्या वेळानं नवरा आला, कोट खुंटीला लावला, हात धुवायला गेला. आम्ही जेवायला बसलो तसं सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणतोय कारखाना?"

"चाललंय."

"चालतेय मीपण. भिंत धरून." त्यांनी ताटाची कड चाचपली. "तुझा कोट हल्ली वाजत नाही रे."

"काय?"

"खुंटीला लावताना वाजायचा. बटणं असायची."

तो पाणी प्यायला. जरा जास्तच वेळ प्यायला. "नवीन साहेब आलेत, आई. नापास माल बाहेर न्यायचा नाही म्हणाले. फाटकावर खिसे तपासतात."

"फुटक्या बटणांसाठी?"

"नियम म्हणजे नियम."

"आणि तुमचा तो फोरमन? खडूस म्हणायचास ना त्याला. तो तर स्वतः डबा भरभरून न्यायचा. तो ऐकून घेतो?" त्यांचा आवाज साधाच होता. पण त्यांनी खडूसचं नाव काढलं तेव्हा माझ्याही लक्षात आलं, खडूस आमच्या जेवणाच्या टेबलावरून केव्हाच नाहीसा झाला होता. त्याची नक्कल नाही, त्याच्या शिंकेवरचा विनोद नाही. नवऱ्यानं त्यालाही झाकलं होतं, बिचाऱ्याचा काही दोष नसताना. सासूबाई वजाबाकी करत होत्या. बटणं नाहीत, खडूस नाही, पुढचा प्रश्न अंगावरच्या पांढऱ्या धुळीचा आला असता, कारण त्याचे कपडे त्याच झटकायच्या. तो ताटाकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. आता पन्नाशीला आलेल्या या माणसाचे कान असे लाल झालेले मी त्या सुनावणीनंतर पहिल्यांदा पाहिले.

"आमच्याकडेही तेच सुरू झालंय, आई," मी म्हटलं.

दोघंही माझ्याकडे वळली.

"पाठकोरे कागद घरी न्यायचे नाहीत. आजच सांगितलं. यंत्रात घालून भुगा करणार म्हणे."

"कोऱ्या बाजूचासुद्धा?"

"कोरी बाजूही सरकारीच ना." मी पायानं खुर्ची हळूच टेबलाखाली ढकलली. पिशवीतला गठ्ठा जरासा करकरला. "सगळीकडेच हे खूळ आलंय. आणि ऑफिसचं काही घरी बोलायचंही नाही म्हणे. मी तर ठरवलंच आहे, आजपासून या घरात कामाचं अवाक्षर काढायचं नाही. ना माझ्या, ना याच्या."

"म्हणजे दोघांच्या साहेबांना एकाच वेळी शहाणपण सुचलं," सासूबाई म्हणाल्या.

"साहेब सगळे सारखेच."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग माझ्या पुड्याही बंदच म्हणायच्या." आणि पुन्हा जेवायला लागल्या. त्यांचं ते 'बरं' ऐकून मी घास परत ताटात ठेवला. लपवण्यासारखं काहीही नसलेली माझ्या घरातली ती एकच ओळ होती आणि मी ती झाकून टाकली. आईला हे असंच झालं असेल का, जिन्यात पिशवी या हातातून त्या हातात घेताना?

नंतर मी भांडी घासत होते आणि तो पुसत होता. बाहेरच्या खोलीत सासूबाईंच्या बटणांचा आवाज येत होता, एकेक, थांबून थांबून. त्यानं एक ताट कोरडं झाल्यावरही बराच वेळ पुसलं.

"तुमच्या खात्यात सोबतीण कुणाला केलंत?" तो म्हणाला.

हा शब्द, कंगवेवाल्यांच्या फोनच्या गोष्टीसकट, मी त्याला लग्नाआधी कधीतरी एकदा सांगितला होता, त्यानं विचारलं होतं म्हणून. कारखाने तेव्हा भरपूर होते आणि बटणांना चांदणी पडेल असं दोघांच्याही स्वप्नात नव्हतं.

"ऑफिसचं घरी बोलायचं नाही," मी म्हटलं.

"बरोबर आहे." ताट त्यानं मांडणीत लावलं. "मी बोललो तर चालेल?"

"तुझ्या ऑफिसचं तू बोल."

"यंत्रं गेली. एका दिवसात सगळी. रंगांच्या नमुन्यांची पेटी तेवढी मी मागून घेतली. वाचनालयात ठेवलीय, तिथल्या बाईंच्या टेबलाखाली. त्यांना वाटतं मी विमा विकतो."

"पंखा आहे का तिथे?"

"कुठे?"

"वाचनालयात."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आहे. पण आवाज करतो." मग म्हणाला, "तुला कळलंच असतं, हे मला सुचायला हवं होतं. तुझ्याच खात्यात माहिती जाते."

"मी यादी उघडली नाही."

माझ्या ओल्या हातातला पेला घेताना त्याची बोटं माझ्या बोटांवर थोडी थांबली, स्वच्छ नखांची, परकी वाटणारी बोटं. "आईला कसं सांगू?" तो म्हणाला. "माझ्या शाळेच्या फीपायी तिनं डोळे घालवले. तिला वाटतं तिच्या शिवणातूनच मी बटणांपर्यंत पोचलो."

"तुला जमेल तेव्हा सांग. मी आज खोटं बोलून दमलेय. तोवर डबा भरत जाईन."

"कंगव्यांना नको करूस सोबतीण. ते फोन करतात."

"ते माझं मी बघेन," मी म्हटलं, आणि तो हसला, जरासाच.

सकाळी दोन डबे भरले. सासूबाई रोजच्यासारख्या खिडकीपाशी होत्या. माझी पिशवी खुर्चीवरच होती, पण खुर्ची टेबलाखालून बाहेर आलेली होती. मी लक्ष दिलं नाही, घाई होती. त्याचा कोट खुंटीवरून काढून हातात घेतला तर तो वाजला. खिशाला वजन होतं. मी हात घातला आणि एक पुडी हाताला लागली, घट्ट, चारी कोपरे आत दुमडलेली, आयुष्यभर कापड दुमडलेल्या बोटांची. आत बटणं होती. कागद करकरीत होता, काल मी टेबलाखाली लपवलेल्या गठ्ठ्यातला. बाहेरच्या बाजूला कुठल्याशा देशातून आलेल्या आरशांचा आकडा होता.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या बाहेर बघत होत्या, जिथे त्यांना उजेडापलीकडे काही दिसत नाही. मी पुडी होती तशी खिशात ठेवली आणि कोट त्याच्या हातात दिला. अंगात घालताना तो वाजला, तसा नवरा थबकला.

"डबा घेतलास ना?" सासूबाईंनी मान न वळवता विचारलं.

"घेतला."

"संध्याकाळी येताना माझी बटणं विसरू नको. आज सोडतील फाटकावर, मला वाटतं."

त्याचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. मी दार उघडून धरलं होतं. तो जाईना. मग त्यानं डबा टेबलावर ठेवला, खिडकीपाशी गेला, आणि आईच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला.